आमच्या घरांतील सात शकुंतला

कुंडींत फुलझाडें लावण्याविषयीं लिहावें, अशी सूचना कांहीं वाचकभगिनींनीं केली त्यास बरेच महिने झाले. आम्ही तो विषय हेतुपुरस्सर टाळीत होतों. ज्या परीक्षेंत आपण स्वतः सपशेल नापास झालों, तिचे धडे दुसऱ्यांस देण्याची शाळामास्तरालाही थोडी लाज वाटते. परंतु २०२५ च्या वैशाखांत आमच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरींत मोगरा फुलला. तेव्हां आतां चार शब्द लिहिण्यास हरकत नाहीं.

पुण्याच्या पेठेंत आमचा जुना वाडा होता व त्याच्या मागल्या अंगणांत एक मोगरा होता. आमच्या दिवंगत वडील बंधूंनीं तो लावलेला. त्याचे लाड असे कोणी केले नाहींत. तरी उन्हाळ्यांत देवपूजेपुरतीं ओंजळभर फुलें रोज मिळत आणि वहिनी तीं स्वतः खुडीत. २०२१ सालीं वाडा पाडून तेथें इमारत बांधण्याचें ठरलें. कोणीं झोपाळा मागितला, कोणीं तांब्याचा बंब, वहिनी एवढेंच म्हणाल्या, "तेवढा मोगरा न्यायचा, भाऊजी." एवढें जुनें झाड मुळासकट काढून नेणें शक्य नव्हतें. म्हणून त्या पावसाळ्यांत त्याची एक खालची फांदी वांकविली, मध्यें थोडी साल खरडली, तेवढा भाग मातींत दाबून वर दगड ठेविला. दोन-अडीच महिन्यांत तेथें मुळ्या फुटल्या. ह्यासच दाबकलम म्हणतात. तें रोप तेलाच्या जुन्या डब्यांत घालून आम्ही भाड्याच्या जागेंत गेलों.

तेथें तें उत्तम वाढलें. पुढें २०२४ च्या चैत्रांत नव्या इमारतींत रहावयास आलों, आणि अडीच महिन्यांच्या आंत तें मरणोन्मुख झालें. गॅलरी पूर्वेची, ऊन चांगलें पांच तासांचें, कुंडी नवी, माती नवी. मग बिनसलें कोठें?

उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होतें. भाड्याच्या जागेंत पाणी एकट्या वहिनी घालीत. नव्या घरीं येतेवेळीं त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळें तें काम सर्व कुटुंबानें अंगावर घेतलें. पुढारीपण अर्थातच आमचें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय घातला आहे. लावलेल्या झाडांस उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड व पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. त्यांतील पहिला भाग आम्हीं मोठ्या आवाजांत घरांत जाहीर केला. शेवटच्या भागाकडे आमचें लक्ष नव्हतें, आणि ग्रंथकार जमिनींतल्या वृक्षांविषयीं बोलत आहे हेंही आम्हांस सुचलें नाहीं.

झालें! आमच्या सौभाग्यवती पूजेनंतर तांब्यांतलें पाणी घालूं लागल्या. धाकटे बंधू फिरून आले कीं एक लोटा. थोरल्या सूनबाई तांदूळ धुतलेलें पाणी घालीत. धाकट्या सूनबाई कामावर जातांना स्वतंत्र. नातवाच्या शाळेच्या बाटलींतील उरलेलें पाणी दुपारीं, चिरंजीवांचें रात्रीं, आणि आमचें शास्त्रोक्त दोन वेळां. कालिदासाची शकुंतला आश्रमांतील झाडांस पाजल्याखेरीज स्वतः पाणी पीत नसे. आमच्या घरांत अशा शकुंतला सात निघाल्या, पैकीं तिघी मिशा असलेल्या!

नव्या फरशीवर डाग पडूं नयेत म्हणून कुंडीखालीं प्लॅस्टिकची खोल तबकडी ठेविली होती. ती सदैव भरलेली असे. ज्येष्ठांत पानें पिवळीं पडलीं, शेंडे मान टाकूं लागले. उन्हाचा ताप, असें निदान करून आम्हीं पाणी वाढविलें.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे, कारण सारी गोम ह्यांत आहे. मुळ्या पाणी पितात तशा श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात त्यांत कांहीं पाणी व कांहीं हवा असावी लागते. सर्व पोकळ्या पाण्यानेंच भरल्या व भरलेल्याच राहिल्या, तर मुळ्या गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळीला पाणी ओढतां येत नाहीं. म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाड तहानलेल्या झाडासारखेंच कोमेजतें. नवशिका फसतो तो येथेंच. तो कोमेजलेलें पाहून आणखी पाणी घालतो. अंगणांतील जादा पाणी खोल मुरून जातें. कुंडींतलें जाईल कोठें? मातीच्या कुंडीच्या भिंतींतून थोडें तरी उडून जातें, प्लॅस्टिकच्या कुंडींतून तेंही नाहीं.

अखेर जवळच्या रोपवाटिकेंतून एका वृद्ध माळ्यास बोलाविलें. त्यानें कुंडी आडवी करून मातीचा गोळा तळहातावर काढला. निरोगी मुळ्या पांढुरक्या असतात; ह्या काळ्या होत्या, बोटांत धरतां त्यांची साल मोजासारखी निसटे, आणि वास गटाराचा येई. तो म्हणाला, "गुरुजी, ह्याला कुणी तहानेनं मारलं नाही. बुडवून मारलंय."

हें वहिनींस सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. उभा जन्म मुलांचे निकाल वाचून दाखविण्यांत गेला, पण तो निकाल वाचतांना आवाज फुटेना. वहिनी खुर्चींत बसून शेंगा सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "मी सांगत होतें, भाऊजी, माती बघून घाला म्हणून. तुम्ही तेव्हां श्लोक म्हणत होतां."

झाडाच्या दोन फांद्यांत अजून हिरवेपणा होता. माळ्यानें त्यांचे पेन्सिलीपेक्षां थोडे बारीक असे पांच तुकडे केले, खालचीं पानें काढलीं, ओलसर वाळूंत ते खोंचले, वर पारदर्शक पिशवी घातली आणि सर्व सांवलींत ठेवावयास सांगितलें. मूळ झाड आठ दिवसांत गेलें. पांचांपैकीं तीन तुकडे काळे पडले. दोन फुटले. त्यांतील एक रोप आमच्या पुतणीनें सासरीं नेलें. दुसरें आमच्या गॅलरींत आहे, आणि त्याचा कारभार आमच्या हातून काढून घेण्यांत आला आहे. पाणी घालण्याचा हक्क आतां फक्त आमच्या दहा वर्षांच्या नातवास, तोही वहिनींच्या देखरेखीखालीं. तो मातींत बोट खुपसतो. दोन पेरें खोल माती कोरडी लागली तर पाणी घालतो, तेंही तळाच्या भोंकांतून वाहूं लागेपर्यंत. ओली लागली तर बोट पुसून निघून जातो. वैशाखांत हें रोज होतें. आषाढांत आठ-आठ दिवस पाण्याचें नांव नसतें. वेळापत्रक असें नाहींच. तबकडींतील पाणी तो लगेच ओतून टाकतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्याइतका मोठा होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळें ह्या बाबतींत झाडाचें व माणसांचें हित एकच आहे.

आतां नव्यानें आरंभ करणारांसाठीं इतर गोष्टी सांगूं.

कुंडीला भोंक हवें, हें सांगण्याची गरज पडूं नये. पण चिनी मातीच्या सुंदर कुंड्या भोंकाविना विकावयास असतात आणि वास्तुशांतीला त्याच भेट येतात. त्या दिवाणखान्यांतच राहूं द्याव्या. तळाशीं चार बोटें खडी घालावी म्हणजे पाणी निचरतें, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तें बरोबर नाहीं. बारीक मातींतील पाणी ती पुरी चिंब झाल्याखेरीज खालच्या जाड खडींत उतरत नाहीं. म्हणजे दलदल तेवढी वर सरकते आणि मुळ्यांची जागा कमी होते. भोंकावर एक खापरी पालथी ठेविली म्हणजे पुरे.

माती म्हणून पुण्याकडची काळी माती कुंडींत भरूं नये. ती भिजली कीं चिकटते आणि वाळली कीं भेगाळते. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत, एक भाग कोकोपीट व मूठभर निंबोळी पेंड, हें मिश्रण आम्हांस मानवलें. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर तें खत नव्हे, अजून शेणच आहे. तें मुळ्या जाळतें. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत 'कुणपजल' नांवाचें एक फार नांवाजलेलें द्रवखत आहे. कुणप म्हणजे प्रेत. त्यांत मांस, चरबी वगैरे शिजवून आंबवावयाची असते. ह्याचा आम्हीं घरांत नुसता उल्लेख केला, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं आमचा बिछाना गॅलरींत घालण्याची तयारी दाखविली.

ऊन किती तास येतें तें आधीं घड्याळ लावून पाहावें, मग झाड आणावें. लोक उलट करतात. चार तासांहून कमी ऊन असलेल्या उत्तरेच्या गॅलरींत मोगरा वा झेंडू फुलावा अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. पहिल्या वर्षीं सदाफुली, झेंडू आणि पावसाळ्यांत तेरडा एवढींच लावावीं. आठ-दहा इंची कुंडी त्यांस पुरते. सदाफुलीस कोणी हलकी समजूं नये. मादागास्करहून जगभर गेलेल्या ह्या झाडापासूनच रक्ताच्या कर्करोगावर वापरण्यांत येणारें व्हिन्क्रिस्टीन हें औषध मिळालें. झेंडूचें बीं पेरल्यापासून सुमारें दोन महिन्यांत फूल दिसतें. रोप वीतभर होतांच शेंडा खुडावा. हें करतांना हात कचरतो, पण त्यानेंच बगलफांद्या फुटतात व फुलें वाढतात. गुलाब दुसऱ्या वर्षीं.

शेवंतीविषयीं एक अनुभव सांगण्यासारखा आहे. भाड्याच्या जागेंत असतांना आम्हीं जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहून येऊन मोठ्या हौसेनें एक शेवंती विकत घेतली. पुढल्या कार्तिकांत तिला एक कळी येईना. पान टवटवीत, खत वेळेवर. मग कळलें कीं शेवंती रात्र मोजते. रात्री लांबूं लागल्या म्हणजे ती कळ्या धरते, आणि त्या रात्रीं मध्येंच उजेड पडला तर तिचा हिशेब चुकतो. वनस्पतींचें हें गणित अमेरिकेंत गार्नर व अ‍ॅलार्ड ह्या दोघांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलें. आमच्या गॅलरींतील दिवा रात्रीं अकरापर्यंत जळे, कारण आम्ही तेथें वाचीत बसत असूं. शेवंती आमच्या व्यासंगाला कंटाळली होती. कुंडी मागल्या अंधाऱ्या बाजूस नेली. पौषांत कां होईना, फुलली.

आणखी एक. बारा इंची मातीची कुंडी भिजलेल्या मातीसह वीस किलोच्या पुढें जाते. ती कठड्यावर ठेवूं नये. खालीं रस्त्यावर कोणाचें तरी मूल असतें.

मोगऱ्याकडे परत येऊं. मार्गशीर्ष-पौषांत नातवानें वहिनींच्या सांगण्यावरून पाणी कमी केलें, फांद्या छाटल्या, उरलेलीं पानें काढलीं. झाड काटकीसारखें दिसूं लागलें, आणि आम्ही अस्वस्थ झालों. पण आमचें मत कोणीं विचारलें नाहीं. माघांत शेणखत पडलें, पाणी सुरू झालें. मोगऱ्याचें फूल नव्या फुटीवरच येतें, त्यासाठीं ही छाटणी. वैशाखांत पहिल्या दिवशीं तीन फुलें आलीं. नातवानें तीं वाटींत घालून वहिनींकडे नेलीं. त्यांनीं वाटी नाकाशीं धरली व बराच वेळ तशीच ठेविली.

"वास तोच आहे," त्या म्हणाल्या, "पण फूल लहान. कुंडी अपुरी पडते, भाऊजी."

येत्या पौषांत छाटणीच्या वेळीं सोळा इंची कुंडी आणावयाची आहे. ती उचलण्याचें काम तेवढें आमच्याकडे दिलें आहे.