ज्येष्ठत्वाचा अर्थ

'रॅगिंगने मुले कणखर होतात,' असे सांगताना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा दाखला दिला जातो. हा युक्तिवाद फसवा आहे. प्रबोधिनीचे ब्रीद 'सेवा परमो धर्मः' असे आहे. कठोर प्रशिक्षण नियमांनी बांधलेले असते. त्याचे उत्तरदायित्व कुणावर तरी असते. बंद खोलीत नवागताचा अपमान करणे, मग ते कोणत्याही संस्थेत घडो, प्रशिक्षण नव्हे.

महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. २ वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि बडतर्फ विद्यार्थ्यास ५ वर्षे अन्यत्र प्रवेशबंदी अशी त्यात तरतूद आहे. संस्थाप्रमुखाने तक्रारीची चौकशी ७ दिवसांत करावयाची असते; हयगय केल्यास तोही अपराधास साहाय्य करणारा ठरतो. तरीही २०१९ मध्ये मुंबईतील डॉ. पायल तडवी यांच्या प्रकरणात या कायद्याची कलमे लागली, ती त्यांच्या मृत्यूनंतर!

येथेच विद्यार्थी संघटनांची कसोटी आहे. स्वागताचे फलक लावणे सोपे. वसतिगृहातील नवागताला तक्रार करण्याचे बळ देणे कठीण. त्याहून कठीण म्हणजे, आरोपी आपलाच कार्यकर्ता असेल तर त्याला पाठीशी न घालता तक्रार स्वतः प्राचार्यांपर्यंत नेणे. ज्या संघटनेला हे जमत नाही, तिने चारित्र्यनिर्माणाची भाषा करू नये.