विश्लेषण : म्हैसूरची मुक्तगंगोत्री आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा प्रश्न

म्हैसूर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेळापत्रकानुसार दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट या सत्रांत होतात. त्या काळात कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाच्या ‘मुक्तगंगोत्री’ या म्हैसूर येथील आवाराकडे वळणारा विद्यार्थी नेहमीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यापेक्षा निराळा असतो. तो बहुधा कमावता असतो, अनेकदा संसारी असतो आणि अर्धवट राहिलेली किंवा कधी सुरूच न झालेली पदवी त्याला आता पूर्ण करायची असते. वर्ग त्याच्या मोबाइलवर आल्यामुळे म्हैसूर त्याला पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. मात्र पदवी तेवढीच जवळ आली आहे का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना याच शहराचा गेल्या साडेपाच दशकांचा अनुभव तपासावा लागतो.

म्हैसूरला प्रौढ शिक्षणार्थी नवा नाही. संस्थानी मुलखातील पहिले विद्यापीठ म्हणून १९१६ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला राजसनद मिळाली तीही त्याच वर्षी. टपालाने पाठ पाठवायचे, विद्यार्थ्याने स्वाध्याय लिहून परत धाडायचे आणि सुटीत संपर्कवर्गाला यायचे, अशी ती रीत होती. पुढे १९९२ च्या राज्य कायद्यान्वये १ जून १९९६ रोजी कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले आणि पत्रद्वारा विभागाचा वारसा त्याच्याकडे गेला. दरम्यान हैदराबादेत १९८२ मध्ये, राष्ट्रीय पातळीवर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या रूपाने १९८५ मध्ये आणि नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने १९८९ मध्ये हाच विचार रुजला होता. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले. वर्गाने विद्यार्थ्याकडे जावे, ही कल्पना अशा रीतीने इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

मान्यतेचा धडा

या वाटचालीतील सर्वांत कठीण काळ म्हैसूरने २०१५ ते २०१८ या वर्षांत पाहिला. राज्य मुक्त विद्यापीठाने कार्यक्षेत्राबाहेर, खासगी संस्थांशी करार करून केंद्रे चालवली आणि परवानगी नसलेले तांत्रिक अभ्यासक्रमही राबवले, असा ठपका ठेवत विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०१५ मध्ये मोठा निर्णय जाहीर केला. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षानंतर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांना मान्यता नाही, असे आयोगाने सांगितले. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या त्यामुळे टांगणीला लागल्या आणि नवे प्रवेश थांबले. ऑगस्ट २०१८ मध्ये २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच वर्षांसाठी मान्यता पुन्हा मिळाली, तेव्हा विद्यापीठाची घडी नव्याने बसू लागली.

कागदोपत्री हा प्रशासकीय वाद असला तरी त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याची दोन वर्षे वाया गेली तर तो दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरू शकतो. पदोन्नतीची अट पूर्ण करण्यासाठी चाळिशीत पदवी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र ती संधी बहुधा पुन्हा मिळत नाही. मुलांच्या शाळेचे, घराच्या हप्त्याचे आणि आईवडिलांच्या औषधपाण्याचे गणित जुळवून त्याने शुल्क भरलेले असते. पैसा परत मिळाला तरी रात्री जागून केलेला अभ्यास परत मिळत नाही.

हा धोका केवळ म्हैसूरपुरता मर्यादित नव्हता. काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला आणि २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित ठेवून त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले. दशकभरापूर्वी मिळवलेल्या पदवीच्या आधारे नोकरीत स्थिरावलेल्या माणसांना पुन्हा परीक्षागृहात बसावे लागले. चूक संस्थांची होती आणि ती निस्तरण्याचा भार विद्यार्थ्यांवर पडला.

नियम बदलले, जोखीम उरली

आज चित्र बरेच बदलले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित नियमावली अधिसूचित केली. ऑनलाइन पदवी देऊ इच्छिणाऱ्या विद्यापीठासाठी नॅक मूल्यांकनात चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय मानांकनात पहिल्या शंभरांतील स्थान, असा निकष तिने घातला. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी अशा शाखांना या पद्धतीतून वगळण्यात आले. नियमानुसार मिळवलेली ऑनलाइन व दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभाही देण्यात आली होती. म्हैसूर विद्यापीठ आणि कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ या दोन्ही संस्था आता ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतात.

२०२४ पासून अशा प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक तयार करावा लागतो. हा क्रमांक श्रेयांक पेढीशी जोडलेला असतो आणि तो मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठीच वापरता येतो. मधल्या दलालाच्या भरवशावर प्रवेश घेण्याची जुनी वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. २०१५ च्या प्रसंगातून शासनयंत्रणा काही शिकली, असे यावरून म्हणता येते.

तरीही जोखीम संपलेली नाही. पूर्वी खासगी केंद्रे जे करीत, तेच काम नव्या रूपात शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्या करू पाहतात. जाहिरात, प्रवेश, व्याख्यानांचे चित्रण आणि विद्यार्थ्यांचा पाठपुरावा कंपनीकडे अन् पदवीवरचे नाव मात्र विद्यापीठाचे, अशी ही विभागणी असते. अशा कंपन्यांच्या संगतीने पदवी अभ्यासक्रम चालवणे म्हणजे फ्रँचायझी देण्यासारखे आहे आणि नियमांत त्याला जागा नाही, असा इशारा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिरातींबाबतही सावध करण्यात आले. अध्यापन आणि मूल्यमापनाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा म्हैसूरने एकदा मोठी किंमत देऊन सोडवलेला प्रश्न देशभर पुन्हा विचारला जात आहे.

वर्ग हातात, वेळ कुठे?

मान्यतेचा प्रश्न सुटला तरी शिकण्याचा प्रश्न उरतोच. २०२० च्या नियमावलीने ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवले आहेत : चित्रफितीतील पाठ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. विद्यार्थ्याचा सहभाग नोंदवला जातो, तो पुरेसा असल्याशिवाय सत्रान्त परीक्षेला बसता येत नाही आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत भार असतो. हेतू चांगला आहे, कारण पैसे भरून थेट परीक्षेला येणारा विद्यार्थी शिकला असे म्हणणे कठीण असते. मात्र पाळीच्या नोकरीत असलेल्या परिचारिकेला, बसचालकाला किंवा दुकान सांभाळणाऱ्या बाईला ठरलेल्या वेळच्या थेट वर्गात हजर राहणे दर आठवड्याला जमतेच असे नाही. ध्वनिचित्रित पाठ रात्री अकरा वाजता पाहता येतो, तेव्हा शंका विचारायला समोर कोणी नसते.

ही एकाकी अवस्था आकड्यांतही दिसते. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात, तर शुल्क भरून प्रमाणपत्राच्या वाटेने जाणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास असते, असे त्यात आढळले. ते अभ्यासक्रम पदवीचे नव्हते, त्यामुळे तुलना बेतानेच करायला हवी. त्यातून निघणारा एक निष्कर्ष मात्र इथेही लागू पडतो. दार उघडे ठेवल्याने विद्यार्थी आत येतो, पण तो आत टिकतो तो स्वतः बांधून घेतलेल्या उद्दिष्टामुळे आणि संस्थेने दिलेल्या आधारामुळे.

भारतात मोजमापाचा भर अजूनही प्रवेशावर आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये दूरस्थ शिक्षणात ४५.७१ लाख विद्यार्थी होते आणि त्यांपैकी २०.९ लाख महिला होत्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत सकल नोंदणी गुणोत्तर ५० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. हे गुणोत्तर काढताना १८ ते २३ वयोगटाची लोकसंख्या छेदात असते, तर अंशात कोणत्याही वयाचा विद्यार्थी मोजला जातो. साहजिकच प्रौढ शिक्षणार्थी राष्ट्रीय लक्ष्य गाठायला हातभार लावतो. त्याचा प्रवेश मोजला जात असेल, तर त्याची पदवी पूर्ण झाली की नाही, हेही तेवढ्याच ठळकपणे मोजले जायला हवे.

सीमाभागाचा वेगळा पेच

मराठी वाचकासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. राज्य विद्यापीठांना दूरस्थ शिक्षणाची अभ्यासकेंद्रे आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमातून शाळा शिकलेल्या प्रौढाला त्यामुळे नाशिकचे मराठीतील पाठ्यसाहित्य आणि अभ्यासकेंद्र घराजवळ मिळू शकत नाही. त्याच्या राज्याचे मुक्त विद्यापीठ पाचशेहून अधिक किलोमीटरवरील म्हैसूरला आहे. त्याचे प्रादेशिक केंद्र बेळगावात असले तरी अध्यापन प्रामुख्याने कन्नड आणि इंग्रजीत चालते. शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या माणसाला विषयाबरोबर भाषेचीही तयारी करावी लागते.

ऑनलाइन पद्धतीला राज्याच्या हद्दीचे असे बंधन नाही. नाशिक, पुणे किंवा मुंबई येथील पात्र विद्यापीठाने मराठीत ऑनलाइन पदवी दिली, तर ती निपाणीतही घेता येईल आणि म्हैसूर, बेंगळूरु वा बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही. त्याच न्यायाने सोलापूर वा सांगलीतील कन्नडभाषकाला म्हैसूरची पदवी घरबसल्या घेता येईल. सीमेच्या दोन्ही बाजूंना लाभ देणारी अशी व्यवस्था फार थोडी आहे. मात्र ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या बाजारात इंग्रजी आणि व्यवस्थापनाच्या पदव्यांना उठाव अधिक असल्याने भारतीय भाषांतील ऑनलाइन पदवीकडे विद्यापीठांचे लक्ष अद्याप कमी आहे. मुक्त शिक्षणाचा मूळ हेतू आठवला, तर हा क्रम उलट असायला हवा.

म्हैसूरच्या अनुभवातून पुढील वाटचालीसाठी तीन गोष्टी निघतात. अध्यापन आणि मूल्यमापनाची जबाबदारी विद्यापीठाने स्वतःकडेच ठेवावी. संस्थेच्या चुकीची भरपाई विद्यार्थ्याच्या पदवीतून करू नये आणि मान्यतेचा वाद उद्भवल्यास प्रवेशित विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची सोय आधीच ठरलेली असावी. प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशाच्या आकड्याशेजारी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा आकडाही संकेतस्थळावर ठेवावा, म्हणजे शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याला आपली जोखीम कळेल. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

१९६९ मध्ये म्हैसूरहून टपालाने निघालेला पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला काही दिवस लागत. आज तो क्षणात पोहोचतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला दिवसभर राबून बसलेला माणूस तेव्हाही होता आणि आजही आहे. त्याने दिलेल्या वेळेचे मोल विद्यापीठे किती जपतात, यावरच या व्यवस्थेची विश्वासार्हता ठरणार आहे.