धावफलकात न मावणारा झेल

आपल्या मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा केल्या. हा आकडा कुणीही पुस्तकातून काढून दाखवील. त्याच संघातल्या हैदराबादच्या सय्यद आबिद अलींचे ४७ कसोटी बळीही सापडतील. पण त्यांच्या चपळ क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावा कुठल्या रकान्यात शोधायच्या?

सीमारेषेकडच्या झेलाचं तर असंच आहे. २५ जून १९८३ला लॉर्ड्सवर मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा उंच उडालेला फटका कपिलने मागे धावत जाऊन टिपला. रिचर्ड्स ३३वर गेला आणि आपल्या १८३ धावा पुरल्या. २९ जून २०२४ला ब्रिजटाऊनला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. मिलरचा फटका मुंबईच्या सूर्यकुमारने सीमारेषेवर पकडला, तोल जाताच हवेत उडवला, बाहेर जाऊन परत आत येऊन झेलला. तो षटकार ठरता तर पाच चेंडूंत दहाच उरत्या. आपण सात धावांनी जिंकलो.

धावफलकात मात्र हातात अलगद आलेला झेल आणि हे झेल सारखेच लिहिले जातात.

बेगम बाजारातला बोळ असो की आपलं कापणी झालेलं शेत, प्रत्येक पोराला आधी बॅट हवी. लांब उभं करतात ते सगळ्यात धाकट्याला, शिक्षा दिल्यासारखं. त्याला कुणीतरी सांगायला हवं, बाबा रे, दोन विश्वचषक तिथंच हाती लागले.