विश्लेषण : कुंडीतले सक्युलंट ‘हायब्रीड’ असेल तर बिघडले कुठे?

‘हायब्रीड’ हा शब्द कोल्हापूरकराच्या तोंडी फारसा कौतुकाने येत नाही. भाकरी हायब्रीड ज्वारीची म्हटली की नाक मुरडले जाते, चव गावठीलाच. आता हाच न्याय खिडकीतल्या छोट्या सक्युलंटनाही लावला जातो. ‘ओरिजिनल’, ‘जंगली’, ‘दुर्मीळ’ अशी जाहिरात केलेले रोप जास्त भाव खाते. या रोपांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. नर्सरीत वाढलेला संकरित वाण हीच बहुतेक वेळा शहाणपणाची खरेदी ठरते.

ही रोपे कोणती?

गुलाबाच्या पाकळ्यांसारखी जाड, रसरशीत पाने गोलाकार रचलेली दिसतात, ती ही रोपे. बाजारात दोन नावे जास्त ऐकू येतात. एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोतली. तिला आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन वनस्पती-चित्रकाराचे नाव मिळाले. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेकडची. तिचे नाव एड्रियन हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकावरून पडले. दोन्ही पानांत पाणी साठवतात. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून पानांवरची सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात.

संकर कसा होतो?

एका जातीच्या फुलातील पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकून बी धरले जाते. उगवलेल्या रोपांतून देखणी आणि चिवट तेवढी निवडली जातात. जांभळट-गुलाबी छटेची ‘पर्ले फॉन न्यूर्नबर्ग’ ही प्रसिद्ध एचेव्हेरिया अशाच संकरातून जर्मनीत तयार झाली. ग्राप्टोपेटलम आणि एचेव्हेरिया या एकाच कुळातल्या दोन वेगळ्या प्रजातींचाही संकर होतो; त्याला ग्राप्टोव्हेरिया म्हणतात.

अशा संकराचे बी पेरले तर पिल्ले आईसारखी निघतीलच असे नाही. पान किंवा बाजूचा फुटवा लावला, तर सहसा तेच रोप पुन्हा मिळते. एका चांगल्या रोपापासून काही वर्षांत शेकडो रोपे तयार होतात आणि त्यासाठी डोंगरावरचे एकही रोप उपटावे लागत नाही.

‘ओरिजिनल’चा हट्ट महागात का पडतो?

कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या कड्यांवर डडलेया नावाची अशीच गोल रचनेची रसाळ वनस्पती वाढते. परदेशी बाजारात मागणी वाढताच चोरांनी हजारो रोपे उपटून नेली. अखेर 2021 मध्ये त्या राज्याला तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दक्षिण आफ्रिकेतही छोट्या सक्युलंटच्या चोरीने अनेक जाती धोक्यात आल्या आहेत. कड्यावरचे रोप मोठे व्हायला अनेक वर्षे लागतात. उपटायला एक मिनिट पुरते. त्यातही असे रोप कुंडीत रुजेलच याची खात्री नसते.

कोल्हापूरच्या पावसाचे काय?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस ठाण मांडतो, हवा दमट राहते आणि कुंडीतली माती वाळतच नाही. याच काळात सर्वाधिक रोपे कुजतात. इथे नावाचे महत्त्व कळते. एचेव्हेरियाला भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या फडताळात ती लांबुडकी होऊन आकार हरवते. हॉवर्थिया मूळ ठिकाणी झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाने वाढते. दुपारच्या कडक उन्हात तिची पाने करपतात. दोन्ही एकाच ‘सक्युलंट’ नावाने विकली, तर दोन्हींची चुकीची काळजी घेतली जाते.

पावसाळ्यात छताखाली, वारा खेळेल अशी जागा, जाड वाळू किंवा विटांचे तुकडे मिसळलेली माती, तळाला भोक असलेली कुंडी आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी, एवढे पाळले तरी बरीच रोपे वाचतात.

जवळचा धडा कोणता?

यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या (सेरोपेजिया) अनेक जाती दुर्मीळ आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्या अभ्यासल्या, बागेत जपल्या आणि वाढवल्या. शिंदळ माकुडी ही रसाळ वनस्पतीही महाराष्ट्रातल्या मोजक्याच कड्यांवर तग धरून आहे. तिची फांदी लावून रोपे करता येतात. दुर्मीळ रोप घरी नेऊन वाचत नाही, ते वाढवून वाचते. गडावर गेलेल्याने ‘एकच नेतो’ म्हणत उपटलेले रोप मात्र कायमचे जाते.

ग्राहकाने काय करावे?

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत : रोपाचे नाव काय आणि ते कुठे वाढवले? संकर असेल तर त्याने तसे अभिमानाने सांगावे. रंग फवारलेली किंवा वर खडे चिकटवलेली रोपे टाळावीत. पुष्पप्रदर्शनांतही आकारासोबत अचूक नावाच्या पाटीला गुण मिळाले, तर नर्सरीवाले आपोआप पाट्या लावू लागतील.

शेजारणीला एक पान तोडून द्यावे, तिने ते मातीवर ठेवावे आणि त्यातून नवे रोप फुटावे, हीच या छंदाची खरी श्रीमंती आहे. त्यासाठी ‘ओरिजिनल’ची नव्हे, नावाची आणि थोड्या धीराची गरज आहे.