शेवाळाला जागा द्या

पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर तुम्ही कधी गेला आहात? गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या पायांना नक्की ठाऊक असेल. जी पायरी माणसांच्या येण्याजाण्याने झिजून गुळगुळीत झाली आहे, तिच्यावर शेवाळाचा नुसता बुळबुळीत थर असतो. पाय पडला की तो थर सरकतो, आणि त्याच्याबरोबर आपणही. पण जिथे दगडावर छिन्नीचे घाव अजून शाबूत आहेत, तिथे शेवाळ दगडाला घट्ट धरून बसलेले असते. नखाने ओरबाडले तरी खाचांमध्ये थोडे राहतेच, आणि चार दिवसांत पुन्हा हिरवे होते.

उर्दूत आपण शेवाळाला 'काई' म्हणतो. नाव कोणतेही घ्या, बहुतेकांना ते ऐकूनच किळस येते. घरात ज्यांनी काचेच्या टाकीत मासे पाळले आहेत, त्यांना तर शेवाळ म्हणजे शत्रूच वाटतो. माझे मत मात्र वेगळे आहे. शेवाळ हा माशांचा शत्रू नाही. आपण त्याला चुकीच्या जागी वाढू देतो, एवढाच त्याचा दोष. त्याला योग्य जागा दिली, तर ते आपली टाकी साफ ठेवते. ही जागा म्हणजे खरखरीत केलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीचा एक लहानसा पडदा. तो तुम्हाला घरी तयार करता येतो.

हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. त्यासाठी मी सात मासे गमावले आहेत.

माझ्या घरी दोन फूट लांबीची टाकी आहे. तीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. ती आणली तेव्हा पहिला महिना मजेत गेला. मग काचा हिरव्या होऊ लागल्या. ज्या दुकानातून मासे आणले होते, तिथे सांगितले गेले की, टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून धुवायची. मी ते मनावर घेतले. एका रविवारी सगळे पाणी ओतून दिले, तळाची वाळू नळाखाली चोळचोळून धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून पांढराशुभ्र केला आणि ताजे पाणी भरले. टाकी आरशासारखी चकाकू लागली. घरच्यांनी कौतुक केले. आणखी कौतुक व्हावे म्हणून मी माशांना त्या दिवशी दोन चिमटी खाणे जास्त घातले. बुधवारी सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते. संध्याकाळपर्यंत सात मासे मेले.

चूक कुठे झाली? माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना विषासारखा असतो. वाळूवर आणि स्पंजवर राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच सौम्य असते. मी त्या दिवशी घाण धुतली असे मला वाटले, पण खरे तर हे उपयोगी जीवाणूच धुऊन टाकले होते. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेसुरले जीवाणूही मारले असतील. आणि गंमत पाहा, दोन आठवड्यांनी काचा पुन्हा हिरव्या झाल्याच!

त्या हिरव्या होणारच होत्या. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचे अन्न आहे. आपण माशांना खाऊ घालतो तेव्हा आडवाटेने शेवाळालाही खाऊ घालत असतो. काच पुसली तर तो थर पाण्यातच पडतो, कुजतो आणि त्यातील अन्न परत पाण्यात मिसळते. बाजारात शेवाळ मारण्याची औषधे मिळतात. त्यांतील काहींमध्ये तांबे असते, आणि ते टाकीतल्या गोगलगायींचा व कोळंबीचा जीव घेते. शेवाळ मेले तरी त्याचे अन्न टाकीतून बाहेर जात नाही. ते बाहेर काढायचे, तर ज्याने ते खाल्ले आहे त्यालाच टाकीबाहेर काढले पाहिजे. म्हणजे शेवाळ वाढू द्यायचे, पण आपण ठरवू तिथे, आणि वाढले की कापून न्यायचे. शेतकरी गवताची कापणी करतो, तसेच हे आहे.

आता पडदा कसा करायचा ते ऐका. लोकरीने पर्स किंवा तोरण विणण्यासाठी चौकोनी छिद्रांची प्लॅस्टिकची जाळी मिळते. महाद्वार रोडवर किंवा तुमच्या गावातील भरतकामाच्या सामानाच्या दुकानात ती विचारा. डासांची नायलॉनची जाळी उपयोगाची नाही, कारण ती फार मऊ असते. लोखंडाची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तर मुळीच नको, कारण धातू पाण्यात उतरतो. आठ-दहा लहान माशांच्या टाकीला चार इंच रुंद आणि पाच इंच उंच तुकडा पुरतो. मोजमाप करताना टाकी किती मोठी आहे हे पाहू नका; तुम्ही रोज किती खाणे घालता ते पाहा. जास्त खाणे, तर मोठा पडदा.

दुकानातून आणलेली जाळी हाताला गुळगुळीत लागते. ती तशीच लावली तर शेवाळ उगवते, पण जरा जड झाले की पाण्याच्या धारेबरोबर सुटून टाकीत पडते. घाटावरच्या झिजलेल्या पायरीसारखीच तिची गत होते. म्हणून ही जाळी खरखरीत करायची. लाकूड कापायची करवत घ्या, तिचे दाते जाळीवर आडवे ठेवा आणि खरवडा. आधी उभे, मग आडवे, मग तिरके. जाळी उलटी करून दुसऱ्या बाजूनेही तसेच करा. हे काम लोक फार लवकर थांबवतात. दोन मिनिटांत जाळीवर बारीक ओरखडे दिसतात आणि 'झाले' असे वाटते. ते झालेले नसते. प्रत्येक दोऱ्यावर बारीक बारीक काटे उभे राहिले पाहिजेत. जाळी लसूण किसायच्या किसणीसारखी बोटांना टोचली पाहिजे आणि लोकरीच्या स्वेटरवर ठेवली तर अडकून बसली पाहिजे. चार इंचांच्या तुकड्यालाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. करवत वापरताना जाळी फळीवर चापाने दाबून धरा, हाताने नव्हे, आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या. उद्यमनगरच्या या शहरात कानस, करवत आणि चाप शेजारच्या कारखान्यातही मिळतील! शेवटी जाळी ब्रशने नीट धुवा, म्हणजे प्लॅस्टिकचा भुगा टाकीत जाणार नाही.

गुळगुळीत म्हणजे चांगले आणि खडबडीत म्हणजे कच्चे, असे आपण लहानपणापासून शिकतो. वही, टेबल, रस्ता, सगळे गुळगुळीत हवे. इथे मात्र जितके खडबडीत तितके काम चोख. शेवाळाला झाडासारखी मुळे नसतात. धरायला खाच नसेल, तर ते बिचारे कशाला धरून राहणार?

ही जाळी टाकीच्या वर टांगायची. प्लॅस्टिकच्या नळीला लांब चीर पाडून जाळीची वरची कड तीत बसवायची आणि नळीत लहान पंपाने पाणी सोडायचे. पाणी जाळीच्या दोन्ही अंगांवरून पातळ चादरीसारखे खाली येऊन टाकीत पडते. रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे 130 लिटर पाणी हवे, म्हणजे आपल्या पडद्याला ताशी 500 लिटरचा पंप चालेल. दोन्ही बाजूंना एकेक एलईडी दिवा जाळीपासून वीतभर अंतरावर लावा आणि दिवसाचे 12 ते 16 तास चालू ठेवा. टाकीवरचा दिवा त्यापेक्षा कमी वेळ लावा, नाहीतर शेवाळ काचेवरच मुक्काम करील. सुरुवातीला टाकीच्या काचेवरचे थोडे शेवाळ जाळीवर चोळा. पहिले काही दिवस तपकिरी लेप येतो. तो पाहून निराश होऊ नका. मग हिरवे धागे येतात.

वीज आणि पाणी यांची गाठ पडते तिथे गंमत करायची नाही. दिव्याच्या आणि पंपाच्या वायरीला प्लगच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली ठिबकेल. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढा. जोडणी स्वतः न करता जाणत्या माणसाकडून करून घ्या. वीज गेली तर जाळी थोडा वेळ कोरडी राहिली तरी बिघडत नाही. दिवसभर गेली, तर जाळी काढून टाकीच्या पाण्यात ठेवा.

दर सात ते दहा दिवसांनी जाळी काढायची, नळाखाली धरायची आणि जुन्या टूथब्रशने किंवा बोटांनी शेवाळ खरवडायचे. घासून पांढरी करायची नाही. खाचांतले राहू द्यायचे. पण खरवडणे टाळायचेही नाही. थर जाड झाला की आतल्या शेवाळाला प्रकाश मिळत नाही. ते मरते, सुटते आणि खाल्लेले सगळे पाण्याला परत करते. मग पडदा असून नसून सारखाच.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले तर भागणार नाही का? लहान टाकीत चार गप्पी मासे असतील, तर नक्की भागेल. टाकीत भरपूर पाणवनस्पती असतील, तर त्याही हेच काम करतात. अशांना मी पडद्याचा आग्रह करणार नाही. पण उन्हाळ्यात एक दिवसाआड नळाला पाणी येते, तेव्हा बादलीभर पाणी माशांसाठी ओतून देणे घरात कोणाला आवडते? पडदा असला तरी पाणी अधूनमधून बदलावेच लागते. मात्र पुष्कळ कमी.

ही युक्ती प्रसिद्ध केली वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करीत आणि कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांचा अभ्यास करीत. प्रवाळांच्या खडबडीत अंगावर आखूड शेवाळाचे गवत असते, लाटा त्यावरून सारख्या ये-जा करतात आणि ते गवत झपाट्याने वाढते, हे त्यांनी पाहिले. 1980 मध्ये त्यांनी संग्रहालयातच एक जिवंत प्रवाळ-टाकी उभी केली आणि तिचे पाणी शेवाळाच्या पडद्यांनी स्वच्छ ठेवले. 1982 मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. पुढे फ्लॉरिडात आणि चेसापीक उपसागराच्या परिसरात दूषित पाण्यासाठी जाळ्या पसरलेले लांबच लांब उतार बांधून हीच पद्धत वापरली गेली.

आता घरातून बाहेर पडून रंकाळ्यावर या. आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे वर्षानुवर्षे या तलावात येत राहिले. 2012 च्या सुमारास त्याचे पाणी दाट हिरवे झाले आणि काठावर उभे राहवेना. हे हिरवे आपल्या जाळीवरचे शेवाळ नव्हे. हे पाण्यात तरंगणारे नीलहरित शेवाळ. शास्त्रज्ञ त्याला जीवाणूंमध्ये मोजतात. त्याच्या काही जाती विषारी असतात, म्हणून जाळीला बी म्हणून तलावातील पाणी घरी आणू नका. पण दोन्हींचे अन्न एकच. साबण, मैला, उष्टे-खरकटे यांतून आलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस दोघांनाही पोसतात. वरवरची हिरवी साय काढणे म्हणजे मी काच पुसत होतो तसेच आहे. आणि नाले चालू ठेवून तलावाच्या स्वच्छतेची मोहीम काढणे म्हणजे टाकी धुऊन माशांना दोन चिमटी खाणे जास्त घालणे!

मग रंकाळ्याला असे पडदे लावावेत का? कोणी तसे म्हटले, तर मी आधी विचारीन की नाले बंद झाले का? पडदा उरलेल्या घाणीसाठी असतो, येणाऱ्या पुरासाठी नाही. टाकीलाही हाच नियम आहे. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घाला. हे पाळणार नसाल, तर करवत हातात घेण्याचे कष्ट करू नका.

तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग करून पाहा. एकाच टाकीचे पाणी दोन बरण्यांत भरा. एकीत गुळगुळीत जाळी आणि दुसरीत खरखरीत जाळी सोडा. दोन्हींत हवेच्या पंपाचे बुडबुडे जाळीच्या खालून येऊ द्या आणि दिवा सारखाच ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून त्यात उतरेल. दर आठवड्याला दोन्ही जाळ्या खरवडून शेवाळ वाळवा आणि वजन करा. महिनाभराचे आकडे वहीत तारखेसह लिहा.

माझ्या टाकीतून दर रविवारी मूठभर हिरवा गोळा निघतो. तो मी गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीत टाकतो. टाकीत आज अकरा मासे आहेत, आणि तळाची वाळू त्या रविवारनंतर मी एकदाही धुतलेली नाही.