शब्द इंग्रजी, सुपारी आपली



मोबाईलवर सारखे इशारे येतात, 'हे कार्सिनोजेनिक, ते कार्सिनोजेनिक.' शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे: ज्याच्यामुळे कर्करोग होऊ शकतो ते. ग्रीक भाषेत 'कार्किनोस' म्हणजे खेकडा आणि आपला 'कर्क' म्हणजेही खेकडाच.

खरा घोळ पुढच्या शब्दांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. ती अशा गोष्टींचे गट पाडते. गट १ म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा. गट २अ म्हणजे 'प्रॉबेबली', बहुधा. गट २ब म्हणजे 'पॉसिबली', कदाचित. मराठीत दोन्हींना 'संभाव्य' म्हटले की हा फरकच पुसला जातो.

मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. हे गट पावती किती पक्की आहे ते सांगतात, रक्कम किती मोठी ते नाही. गट १ मध्ये तंबाखू आहे आणि ऊनही आहे. म्हणून अंगणात वाळवण घालणे आणि तंबाखू खाणे सारखे होत नाही. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम हा गोडवा आणणारा पदार्थ 'कदाचित'मध्ये गेला. तेव्हाच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने त्याची रोजची मर्यादा मात्र होती तीच ठेवली.

आता गट १ नीट वाचा. त्यात मद्य आहे, प्रक्रिया केलेले मांस आहे. आपण लगेच म्हणतो, 'आपल्या घरात हे येतच नाही.' पण त्याच यादीत सुपारी आहे. तंबाखू न घातलेली, साधी सुपारी. २००४ च्या अहवालात हे स्पष्ट लिहिले आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो. त्याआधी कित्येकांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, तिखट झोंबू लागते.

'कदाचित'वाल्या पदार्थाचे मेसेज आपण दहा जणींना पाठवतो आणि 'पक्के'वाली सुपारी मात्र जेवणानंतर तबकातून पाहुण्यांपुढे करतो, मुलांच्या हातावरही गोड सुपारी ठेवतो. हे मला पटत नाही.

मंगलकार्यात विड्यावर मानाची सुपारी ठेवायची तर जरूर ठेवा. पण मुखवासाच्या डबीत बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ पुरेत. जे व्यसन आपण व्यसन म्हणत नाही, ते घरात सगळ्यात जास्त टिकते.