मधोमध पडलेला चेंडू

सर्व्हिस, बूस्ट, स्मॅश. या तीन शब्दांवर माझं अख्खं व्हॉलीबॉल उभं होतं, तेही शाळेमागच्या टणक मातीवर. गेल्या रविवारी भाचीने गुहागरच्या वाळूत उभं केलं आणि पहिल्याच सर्व्हिसला चेंडू आमच्या दोघांच्या मधोमध येऊन रुतला. मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे.

"मामा, याला नवरा-बायको म्हणतात," ती म्हणाली. तिला वाटलं मी उचलेन, मला वाटलं ती उचलेल. बीच व्हॉलीबॉलमध्ये अशा सर्व्हिसचं खरंच हे नाव आहे. ज्याने ठेवलं तो नक्की संसारी असणार!

घोळ होणारच. सहा जणांच्या खेळात एक बाजू ९ बाय ९ मीटर, म्हणजे माणशी साडेतेरा चौरस मीटर. वाळूत बाजू ८ बाय ८ची, पण सांभाळायला दोघंच. माणशी बत्तीस! बदली खेळाडूही नाही. त्यामुळे पहिला धडा एकच: "माझा!" असं मोठ्याने ओरडायचं. स्मॅश मारणाऱ्याची नजर चेंडूवर असते, म्हणून पलीकडे कुठे मोकळं आहे ते जोडीदार ओरडून सांगतो. "लाइन" म्हणजे कडेने सरळ, "कट" म्हणजे जाळ्यालगत तिरका.

माझी खरी पंचाईत पुढेच झाली. स्मॅशचा आव आणून बोटांनी हळूच चेंडू पलीकडे टाकणं, आमच्या भाषेत प्लेसिंग, हे माझं हुकमी अस्त्र. वाळूत तो फाउल! मग लोकांनी पळवाटा काढल्या. बोटं दुमडून पेरांनी ढकलायचा तो "पोकी". बोटं जुळवून, ताठ करून टोकांनी मारायचा तो "कोब्रा". नाव ऐकून मी नागाचा फणा काढला, तर भाची म्हणाली, "मामा, बोटं ताठ, नाहीतर मोडतील."

बूस्टही इथे नाजूक. डोक्यावरून बोटांनी दिलेला चेंडू दोन हातांना वेगवेगळा लागला की पंच शिटी मारतो, म्हणून नवशिके मनगटांवरूनच उचलून देतात. आणि ब्लॉकला हात लागला तर तोही तीन स्पर्शांतला एक धरतात. सहा जणांच्या खेळात तो मोजत नाहीत.

जाळ्याशी उभा राहणारा पाठीमागे बोटं दाखवतो, ती जोडीदारासाठी. एक बोट म्हणजे लाइन अडवतो, दोन म्हणजे तिरका अडवतो, मूठ म्हणजे ब्लॉकच करत नाही. मी पाठ खाजवली. भाचीने तो इशारा समजून भलतीकडे धाव घेतली.

वाळूतला हा खेळ वाढला तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर. ऑलिम्पिक पदकं १९९६च्या अटलांटापासून. पण मला सगळ्यात आवडला तो बाजू बदलायचा नियम. २१ गुणांच्या सेटमध्ये दर ७ गुणांनी बाजू बदलतात, म्हणजे वारा आणि ऊन दोघांच्याही वाट्याला सारखंच.

तिसऱ्यांदा बाजू बदलली तेव्हा सूर्य माझ्या डोळ्यांवर होता. समोरच्या पोराचा स्मॅश थेट नाकावर बसला. भाची हसू दाबत म्हणाली, "मामा, याला सिक्स पॅक म्हणतात."

पन्नाशीत मला सिक्स पॅक मिळाला, हे घरी सांगितलं. बायकोने आधी पोटाकडे बघितलं, मग नाकाकडे, आणि बर्फ आणायला गेली.